परदेशी सोयऱ्यांना शेगावच्या पायी वारीला नेताय?

माझी भाची नेदरलँड्समध्ये असते. नवरा डच, दोन लेकरं शाळेत जाणारी. एका वर्षी गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला ती नवरा, मुलं आणि सासू-सासरे अशा सगळ्यांना घेऊन आली आणि सहाही जण आमच्या गावच्या दिंडीसोबत शेगावपर्यंत पायी चालले. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतले लोक मला विचारत असतात. कोणाची सून परदेशी आहे, कोणाचा जावई, कोणाच्या पोराचे तिकडचे मित्र. "नेऊ का हो ताई? जमंल का त्यायले?" जमतं. पण त्यांच्यापेक्षा आपली तयारी जास्त लागते, आणि ती काय लागते हे मला चुकत-चुकतच कळलं. आमची वाट अकोल्याकडून गायगाव, निंबा फाट्यावरून जाते. साधारण 45 किलोमीटर, दोन दिवसांची. तुम्ही अकोटहून निघा की दर्यापूरहून, रस्ता बदलेल, बाकीच्या गोष्टी याच.

तिथी आधी, तिकीट नंतर

प्रकट दिन माघ वद्य सप्तमीला असतो. 1878 साली महाराज शेगावात प्रकट झाले त्या दिवशी 23 फेब्रुवारी होती, म्हणून मोबाइलवर शोधलं की तीच तारीख डोळ्यांपुढे येते, आणि तिकडची मंडळी तिच्या हिशेबाने विमान ठरवून मोकळी होतात. उत्सव मात्र तिथीनेच होतो. 2024 साली तो 3 मार्चला आला, 2025 साली 20 फेब्रुवारीला. पंचांग उघडून तारीख तुम्ही स्वतः कळवा, आणि दिंडी निघण्याच्या निदान चार दिवस आधी ते घरी पोहोचतील असं बघा. लेकरांची झोप जागेवर यायलाच तेवढे दिवस लागतात. मुंबईहून यायला विदर्भ एक्स्प्रेस सोयीची. रात्री बसलं की पहाटे अकोला. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि उत्सवाच्या दिवसांत भराभर भरतं.

कोणाला दोन दिवस चालणं झेपणारच नसेल, तर दुसरी एक वाट आहे. शेगावच्या संस्थानची पालखी आषाढीला पंढरपूरला जाऊन श्रावणात परत येते. शेवटच्या दिवशी ती खामगावहून शेगावला निघते, तेव्हा हजारो लोक तेवढाच टप्पा तिच्यासोबत चालतात. अंतर जेमतेम 17 किलोमीटर, आणि तिकडे तेव्हा उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते. पण पाऊस, चिखल आणि गर्दी तिन्ही एकदम असतात. पहिल्यांदा येणाऱ्याला मी माघच सांगेन. हवा बरी असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो, आणि दिंड्या छोट्या असल्यामुळे माणूस माणसाला ओळखतो.

कागदपत्रं

पर्यटनाचा ई-व्हिसा चालतो, फक्त तो सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढायला सांगा. तसल्याच नावाच्या बऱ्याच साइट जास्तीचे पैसे घेतात. लेकरांचाही वेगळा व्हिसा लागतो.

आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे आजवर सी-फॉर्म म्हणून ओळखली जाणारी नोंद. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला, की 24 तासांच्या आत ते ऑनलाइन कळवावं लागतं. हॉटेलवाल्यांसाठी आहे हे, आपल्याला काय, असं समजू नका, खाजगी घरालाही ते लागू आहे. आम्ही आदल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात जाऊन नीट विचारून घेतलं, पोलीस पाटलांनाही सांगून ठेवलं. मग वाटेत कोणी विचारलं तरी सांगायला सोपं गेलं. पासपोर्टच्या झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात ठेवा, मूळ पासपोर्ट एकाच जबाबदार माणसाच्या कमरेच्या पिशवीत.

पाय, ऊन आणि पाणी

भाचीचे सासरे चालण्यात पक्के. त्यांच्या देशात नायमेखन शहरी चार दिवसांची एक मोठी पदयात्रा होते, 1909 पासून चालत आलेली, लोक रोज 30, 40, 50 किलोमीटर चालतात. ती त्यांनी केलेली होती. त्यामुळे 45 किलोमीटर ऐकून त्यांना काहीच वाटलं नाही. आणि खरंच, अंतराने ते थकले नाहीत. थकले ते थांबण्याने. दिंडी भजनाच्या ठेक्यावर चालते. दर फर्लांगाला कोणी आरतीचं ताट घेऊन उभं असतं, कोणी चहा घेऊन, आणि विणेकरी थांबला की सगळे थांबतात. उन्हात उभं राहणं हे चालण्यापेक्षा जड जातं. म्हणून पाहुण्यांना आधीच सांगा, वेग मोजू नका, पोहोचायची वेळ विचारू नका.

बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. दोन जोड सुती मोजे, पायाला लावायला व्हॅसलीन, फोड आला तर बांधायला स्वच्छ पट्टी. आपल्यातल्या बऱ्याच बाया अनवाणी चालतात, ते पाहून पाहुण्यांनाही चप्पल सोडावीशी वाटते. तापल्या डांबरावर ते करू देऊ नका. देवळात, पादुकांपुढे आणि पंगतीत पायताण काढलं की झालं. डोक्याला टोपी नको, उपरणं बरं. भिजवून बांधता येतं.

पाण्याविषयी जरा जास्त सांगते, कारण आपल्याला त्याची सवय असते आणि म्हणून ते सुचत नाही. अकोला-शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट, क्षारांनी जड. इथे जन्म गेलेल्यांनाही त्याचा त्रास होतो, तर नव्या पोटाचं काय होणार! पाहुण्यांना फक्त सीलबंद बाटली किंवा घरून उकळून नेलेलं पाणी द्या, आणि दर माणशी रोज तीन लिटर धरून चला. सामानाच्या ट्रॅक्टरवर दोन कॅन आपले ठेवावेत. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायची, अर्ध्या ग्लासात नाही. बर्फाचा गोळा, उघडा उसाचा रस, कापून ठेवलेली फळं टाळा. दोन दिवस एवढं पाळलं आणि आमच्या सहापैकी एकाचंही पोट बिघडलं नाही.

पाण्यावरूनच आम्ही लेकरांना अकोली जहांगीरची गोष्ट सांगितली. भर उन्हात महाराजांनी शेतात भास्कर पाटलांना पाणी मागितलं, त्यांनी दिलं नाही, आणि जवळच्या कोरड्या विहिरीला पाणी लागलं. पोरगी नऊ वर्षांची. पुढे वाटेत कोणी पाण्याचा पेला धरला की ती मला हळूच विचारायची, "हे भास्कर पाटलांच्या घरचे का?" अशा दोनचार गोष्टी वाटेवर सांगता येतील एवढी तयारी ठेवा. नुसतं 'हे आमचे संत' म्हणून लेकरांना काही कळत नाही.

निघण्याआधी सहाएक आठवडे त्यांनी तिकडच्या डॉक्टरला भेटावं, टायफॉइड आणि कावीळ अ या लसींचं विचारावं. वाटेवर गावकुत्री असतात, लेकरांना हात लावू देऊ नका. 108 आणि 112 हे दोन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत.

शेंगदाणा

याला वेगळी जागा देते, कारण इथे आमचा जीव खरोखर टांगणीला लागला होता. धाकट्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. तिकडे हे शब्द उच्चारले की स्वयंपाकघरात सगळे सावध होतात. आपल्याकडे शेंगदाणा म्हणजे मिठासारखा, तो वेगळा जिन्नस आहे हेच कोणी धरत नाही. पहिल्या दुपारी एका गावात भंडारा होता. पत्रावळीवर वांग्याची भाजी पडली. भाचीने वाढप्याला विचारलं, "दादा, यात शेंगदाणे नाहीत ना?" तो बिचारा मनापासून म्हणाला, "नाही, थोडासाच कूट हाये." लेकराचा घास हातात होता. भाचीने तो तिथेच धरला.

त्या संध्याकाळी आम्ही एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'या लेकराला शेंगदाणा, कूट, चिक्की, दाण्याचं तेल काहीही देऊ नका. जीवावर बेततं.' आणि तो त्याच्या गळ्यात अडकवला. 'ॲलर्जी' लिहिलं असतं तर अर्ध्या लोकांना खाज सुटते एवढंच वाटलं असतं. 'जीवावर बेततं' वाचल्यावर बाया स्वतःहून विचारायला लागल्या, एका आजीने त्याच्यासाठी साधी जवारीची भाकर आणि गूळ बांधून आणला. असा त्रास असणाऱ्यांनी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन तिकडूनच आणावं, एक नाही दोन, आणि ते ट्रॅक्टरमधल्या बॅगेत न ठेवता लेकराच्या जवळच्या माणसाकडे असावं. उपवासाच्या पदार्थांत, ठेच्यात, भाज्यांत, प्रसादाच्या पुडीत, सगळीकडे दाणा असू शकतो. विचारताना "शेंगदाणे आहेत का" न म्हणता "यात काय काय घातलंय" असं विचारा. उत्तर खरं मिळतं.

बाकी जेवण त्यांना आवडतंच. रोडगे, वरण, पिठलं-भाकर. तिखट सोसत नसेल तर वरण-भात आणि गूळ मागून घ्यावा, कोणी नाही म्हणत नाही. पंगतीचे नियम मात्र आधी सांगा. उजव्या हाताने खायचं, श्लोक होईपर्यंत घास घ्यायचा नाही, सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही, आणि पत्रावळीवर काही टाकायचं नाही. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना महाराज पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले, हे सांगितलं की न टाकण्याचं कारण पाहुण्यांना आपोआप समजतं. नको असेल तर वाढण्याआधीच पत्रावळीवर आडवा हात धरायचा. नुसतं 'नो, नो' म्हटल्याने आपला वाढपी थांबत नसतो.

दिंडीत कुठे चालायचं

माझी मोठी चूक इथली. पाहुणे आहेत, लांबून आलेत, म्हणून मी पहिल्या सकाळी त्यांना पालखीच्या अगदी पुढे नेऊन उभं केलं. पंगतीत त्यांच्यासाठी खुर्च्या मांडायला लावल्या. लोकांनी मान दिला, बाजूला झाले. दुपारी आमच्या दिंडीच्या प्रमुख काकाजींनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "बाई, हे पाव्हणे म्हणून आले का वारकरी म्हणून?" मी खुर्च्या उचलायला लावल्या. संध्याकाळी भाचीच्या सासूबाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या, गुडघ्याखाली कोणीतरी घोंगडी घडी करून सरकवली, आणि शेजारच्या बायांशी हातवाऱ्यांनी त्यांचं जे सुरू झालं ते शेगावपर्यंत थांबलं नाही. खुर्चीवर होत्या तोवर त्या एकट्याच होत्या.

तर क्रम असा असतो: पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, पालखी, आणि मागे बाकीचे. नवख्याने मागे चालावं. विणेकऱ्याच्या आडवं जाऊ नये, वीणा खाली टेकत नाहीत, तेव्हा 'जरा धरू का' म्हणून मागू नये. टाळ मात्र जरूर हातात द्या. आमच्या जावयाला ठेका धरायला तासभर लागला, पण 'गण गण गणात बोते' त्याच्या तोंडून सुटलं तेव्हा पुढची ओळ मागे वळून बघत होती. कोणी पाया पडलं तर पाहुणे गोंधळतात. त्यांना सांगा, तुम्हीही वाका आणि 'माउली' म्हणा. वारीत सगळेच सगळ्यांना माउली.

श्रद्धेचा प्रश्न ते विचारतीलच. सासरे कुठलाच धर्म मानत नाहीत, त्यांना काळजी होती की आपण खोटं वागतोय का. काकाजींना विचारलं तर म्हणाले, चालणाऱ्याला कोणी दाखला मागत नाही. कपाळी गंध लावून घ्यायचं नसेल तर हात जोडून मान हलवावी, कोणी वाईट मानत नाही. पाळी आली तर चालावं की नाही, देवळात जावं की नाही, हे त्या बाईने स्वतः ठरवावं. आपण मध्ये पडू नये आणि गावगप्पा होऊ देऊ नयेत.

घेणं

परदेशी माणसाला सगळ्यात अवघड हेच जातं. चालणं नाही, खाणं नाही, झोपणं नाही. फुकट घेणं. वाटेवर माणसं वाट पाहत उभी असतात. कोणी केळी देतं, कोणी चहा, कोणी ओल्या हरभऱ्याची जुडी. पाहुण्यांचा हात आपोआप पाकिटाकडे जातो.

निंबा फाट्याच्या अलीकडे एक म्हातारी बसली होती. समोर घमेलं, त्यात कोमट पाणी, शेजारी तेलाची वाटी. येईल त्याचे पाय धुवून ती तेल लावून चोळत होती. बोटांची नखं कापूस वेचून काळी पडलेली. सासरे बसले, तिने त्यांचा पाय मांडीवर घेतला. त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की पाय मागे ओढून त्यांनी पाचशेची नोट पुढे केली. म्हातारीने नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. "पैसे नोको देऊ बापा. पाय दे इकडे." भाचीने इंग्रजीत सांगितलं. ते थोडा वेळ तसेच बसले, मग नोट खिशात घातली आणि पाय पुढे केला. डोळे पुसत होते.

म्हणून हे बोलणं घरूनच करून निघा. देणारा पुण्याच्या आशेने, नवसाने, प्रेमाने देतो. आपण नाही म्हटलं तर त्याची सेवा राहून जाते. भूक नसेल तर कणभर घ्यावं, पण घ्यावं. परतफेड करायचीच असेल तर ती हातांनी. पंगतीत पाणी वाढणं, पत्रावळी उचलणं, सतरंज्या झटकणं. पैशाचं कायद्यानेही अडतं. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, रुपयांत दिली तरी, परदेशी देणगीच धरली जाते, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. गावच्या देवळाच्या पेटीत पाहुण्यांनी भाबडेपणाने मोठी रक्कम टाकली तर गोत्यात येतात ते विश्वस्त. नोंदणी आहे का हे विचारल्याशिवाय, आणि पावती घेतल्याशिवाय काही देऊ देऊ नका.

मुक्काम, संडास, फोटो

मुक्काम बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर देवळाच्या सभामंडपात. रात्री गारवा असतो, पांघरूण आणि डासांचं मलम न्या. संडासाची सोय मात्र आधीच बघून ठेवा. मी आठवडाभर आधी दुचाकीवर त्या रस्त्याने जाऊन कुठे शाळेचा संडास उघडा मिळेल, कोणत्या घरची बाई आत येऊ देईल, पेट्रोल पंप कुठे, हे वहीत टिपून आणलं. बायांना यासाठीच पाणी कमी प्यायची सवय लागते, आणि उन्हात तेच बाधतं. कागद, साबणाची वडी, छोटी विजेरी सोबत असू द्या. काकडा पहाटे होतो, अंधारातच निघणं होतं, तेव्हा लेकरांच्या पाठीला चमकणारी पट्टी लावा. रस्त्याने ट्रक सुरूच असतात.

सोनेरी केसांचं लेकरू दिसलं की मोबाइल निघतात, गाल ओढले जातात. माया असते, पण पंधराव्या वेळेला पोरगी रडली. मग आम्ही ठरवलं, लेकराने माझा हात दाबला की मी पुढे होऊन म्हणायचं, "आता लेकरू थकलं जी, चालू द्या." लोक लगेच ऐकतात. पाहुण्यांनीही विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये, आंघोळीच्या जागेकडे तर कॅमेरा वळवूच नये.

शेगावात

उत्सवाच्या दिवशी बाहेरगावाहून शेकडो दिंड्या येतात. भक्तनिवासात खोली मिळेलच हे धरू नका. चौकशी आधी करा आणि खामगाव किंवा अकोल्यात पर्यायी सोय ठेवा. शिरण्याआधी लेकरांच्या खिशात मराठीत नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला, हरवलो तर कुठे भेटायचं ती जागा बोटाने दाखवून ठेवा.

समाधी राममंदिराच्या खाली भुयारात आहे. रांगेत काही तास जातात, जागा अरुंद आहे. कोंडल्यासारखं होणाऱ्याने मुखदर्शनाच्या रांगेत जावं. आत फोटो नाही. सेवाधारी "माउली, पुढे चला" म्हणतात, तेवढ्यावर एवढी गर्दी हलते, हे पाहून आमचे डच सासरे किती वेळ त्यांच्याकडेच पाहत होते. महाप्रसाद घ्या, दुपारची पालखीची परिक्रमा रस्त्याच्या कडेने पाहा, आणि अंधाराआधी गर्दीतून बाहेर पडा. स्टेशनजवळची कचोरी खायची तर कढईतली गरमच.

परतीचं विमान लगेच ठेवू नका, दोन दिवस हातात असू द्या. एक दिवस पाय शेकायला, आणि दुसरा मावंद्याला. यात्रा करून आलं की घरी मावंदं, म्हणजे जेवणाची पंगत, घालतात हे त्यांना सांगा आणि ते त्यांच्या हातून होऊ द्या. आमच्याकडे पन्नास पानं होती. पोरीने पाणी वाढलं, जावयाने वरण, आणि सासूबाई भाकरीची दुरडी घेऊन ओळीतून फिरत होत्या. एका आजीने भाकर पुरे म्हणून पत्रावळीवर आडवा हात धरला, तशा त्या थांबल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.